गेममधलं न दिसणारं काम कोणासाठी केलेलं असतं?

रामबागकर

नमस्कार मंडळी. मी इंदूरचा. विजयनगरकडे एका छोट्या स्टुडिओत गेमप्ले प्रोग्रामर आहे. दिवसा बाहेरच्या क्लायंटचे मोबाइल गेम, आणि रविवारी आम्ही तिघे मित्र मिळून स्वतःचा एक छोटा प्लॅटफॉर्मर, म्हणजे उड्या मारत पुढे जायचा गेम, बनवतोय. घरचं कार्य असो, गणपतीची आरती असो की इथल्या ‘सानंद’ संस्थेच्या नाटकाचं मध्यंतर, व्यवसाय सांगितला की दोन प्रश्न ठरलेले: दिवसभर खेळतच असता का, आणि मुलांना याचं वेड का लावता? दोन्ही प्रश्न मला महत्त्वाचे वाटतात, पण उभ्या उभ्या त्यांची उत्तरं देता येत नाहीत. म्हणून इथे सविस्तर लिहितो. तुमचीही मतं हवी आहेत.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. खेळतो, पण गेमचे तेच तीन-चार सेकंद. एक उडी, एक वळण, शत्रूचा एक वार. गेम सेकंदाला ६० फ्रेमनं, म्हणजे ६० चित्रांनी, चालवायचा तर एका फ्रेमला साधारण १६.६७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात बटण दाबलंय का ते बघायचं, पात्र हलवायचं, ते कशाला धडकलं का ते तपासायचं, शत्रूंना त्यांची चाल द्यायची आणि सगळं चित्र नव्यानं काढायचं. स्वस्त फोनवर मधल्या दोन फ्रेम गळल्या तर खेळणाऱ्याला कारण कळत नाही, पण काहीतरी अडलं हे बोटाला लगेच कळतं. आमचं निम्मं आयुष्य या बोटाला कळणाऱ्या गोष्टींत जातं.

उडीचंच घ्या. शाळेत शिकलेल्या गुरुत्वाकर्षणानं उडी लिहिली तर ती संथ आणि तरंगती वाटते. म्हणून बऱ्याच गेमांत पात्र वर जाताना गुरुत्व कमी आणि खाली येताना जास्त ठेवतात. बटण पटकन सोडलं तर उडी छोटी, धरून ठेवलं तर मोठी. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये हे होतं आणि आजही त्याहून चांगली रीत सापडलेली नाही. हवेत असताना दिशा बदलता येते हेही भौतिकशास्त्राला धरून नाही, पण ते काढून टाकलं तर पाच मिनिटांत गेम बंद कराल.

याच्या पुढची गोष्ट मला फार आवडते. खेळणारा कड्याच्या टोकावरून उडी मारायला जातो आणि बटण जरासं उशिरा दाबतो. गणितानं बघाल तर त्याचे पाय आधीच हवेत गेलेले आहेत, उडी मिळायला नको. तरी आम्ही देतो. कडा सुटल्यावर साधारण एक दशांश सेकंद उडी चालते. याला कोयोटी टाइम म्हणतात. उलट बाजूही आहे: जमिनीला पाय लागायच्या जरा आधीच बटण दाबलं तर गेम ते लक्षात ठेवतो आणि पाय टेकताच उडी देतो. २०१८ च्या सेलेस्ट या गेममध्ये या दोन्ही सवलती आहेत आणि आणखीही आहेत. उडताना डोकं कठड्याच्या कोपऱ्याला काही पिक्सेल घासणार असेल तर गेम पात्राला हळूच बाजूला सरकवतो. त्या मंडळींनी पात्राचा कोड नंतर सगळ्यांसाठी खुला केला. कोयोटी टाइमचा आकडा त्यात ०.१ असा सरळ लिहिलेला आहे. अतिशय अवघड गेम आहे तो, लोक एकेका पडद्यावर कितीतरी वेळा मरतात, पण ‘मी बटण दाबलं होतं की’ अशी तक्रार क्वचितच ऐकू येते.

हे नव्या जमान्याचे लाड आहेत असं वाटत असेल तर १९८० चा पॅकमॅन बघा, भुतांपासून पळत ठिपके खायचा गेम. तो बनवणाऱ्या तोरू इवातानींनी चार भुतांना चार स्वभाव दिले. लाल भूत सरळ मागे लागतं, गुलाबी भूत पॅकमॅनच्या चार घरं पुढे नेम धरतं, नारंगी भूत जवळ आलं की माघार घेतं. आणि मधूनमधून चारही भुतं पाठलाग सोडून आपापल्या कोपऱ्याकडे वळतात. पहिल्या लेव्हलला सुरुवातीला सात सेकंदांची ही उसंत असते, मग वीस सेकंदांचा पाठलाग. खेळणाऱ्याला वाटतं आपणच निसटलो. शिवाय पॅकमॅन कोपरा थोडा कापून वळतो, भुतांना ते जमत नाही. पंचेचाळीस वर्षांपूर्वी जपानमध्ये कोणीतरी बसून विचार केला की आपल्या खेळणाऱ्याला श्वास कधी घेऊ द्यायचा. हे वाचलं तेव्हापासून या कामाकडे बघायची माझी नजर बदलली.

आता दुसरा प्रश्न. गेममध्ये न दिसणारं काम दोन प्रकारचं असतं. एक वर सांगितलं ते, खेळणाऱ्याच्या बाजूनं केलेलं. दुसरं त्याच्या विरुद्ध केलेलं: अमुक लेव्हलला मुद्दाम अवघडपणा वाढवायचा आणि तिथेच विकतचं ‘बूस्टर’ ठेवायचं, रोज आलं नाही तर साखळी तुटते अशी भीती घालायची, जीव संपले की थांबा, नाहीतर पैसे द्या. दोन्ही कामं तितक्याच बारकाईनं होतात, अनेकदा एकाच खोलीत. एका क्लायंटच्या बैठकीत मी या दुसऱ्या प्रकारचा तक्ता पाहिला आहे: कोणत्या लेव्हलला लोक चिडतात आणि चिडल्यावर किती मिनिटांत पैसे देतात. ते काम मी घेतलं नाही, स्टुडिओनंही मला जबरदस्ती केली नाही, पण काम झालंच, दुसऱ्या कोणीतरी केलं.

म्हणून माझं मत असं की गेम चांगला की वाईट हे त्यातल्या मारामारीवरून किंवा रंगांवरून ठरवू नये. न दिसणारं काम कोणाच्या बाजूनं आहे ते बघावं.

---

तन्मय_०७

दादा, जबरदस्त लिहिलंय. मी इथल्या एसजीएसआयटीएस इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. गेम बनवायचेत, पण सुरुवात कुठून करू ते कळत नाही. इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, कोणतं घेऊ: युनिटी, अनरियल की गोडो? आणि गणित किती लागतं? घरचे म्हणतात सुपर कॉरिडॉरला आयटीच्या कंपन्या आहेत, तिथे नोकरी बघ आणि हे छंद म्हणून कर.

---

अनघा_लोकमान्यनगर

माझा मुलगा सहावीत आहे. तुम्ही लिहिलेलं वाचून आधी राग आला आणि मग पुन्हा वाचलं. तुम्ही स्वतः सांगताय की चिडवून पैसे काढायचे तक्ते बनतात. मग आम्ही आईबापांनी करायचं काय? आम्हाला कोड वाचता येत नाही. त्याच्या हातात फोन दिला की तासाभरानं तो परत मागताना घरात रोज भांडण होतं. शाळेतली सगळी मुलं खेळतात, त्यामुळे बंदच करणं मला बरोबर वाटत नाही. पण कोणता गेम कोणाच्या बाजूनं आहे हे मला कसं कळणार?

---

लष्करवाला

ग्वाल्हेरहून राम राम. आमच्या लष्करात आत्याकडे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, पिवळी कॅसेट, तिच्यावर ‘९९९९९९९ इन १’ लिहिलेलं आणि आत तेच सातआठ गेम फिरून फिरून. काँट्रा दोघांनी मिळून खेळायचा. सोबत एक बंदूक होती, टीव्हीवरची बदकं मारायची. परवा माळ्यावरून तो सेट काढला, नव्या एलईडी टीव्हीला जोडला, गेम चालू झाला, पण बंदूक काही केल्या चालत नाही. एकही बदक पडत नाही. बंदूक खराब झाली असेल का? भाच्याला दाखवायची फार इच्छा आहे.

---

रामबागकर

@लष्करवाला: बंदूक बहुतेक ठणठणीत असेल, टीव्ही बदललाय. डक हंट १९८४ चा. त्या बंदुकीतून काहीच बाहेर जात नाही, उलट ती बघते. नळीत प्रकाश ओळखणारा छोटा सेन्सर असतो. तुम्ही घोडा दाबला की गेम क्षणभर पूर्ण पडदा काळा करतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. आधी काळं आणि मग पांढरं दिसलं तर नेम लागला. काळा पडदा अशासाठी की कोणी बंदूक ट्यूबलाइटकडे धरून फसवू नये. जुन्या काचेच्या टीव्हीवर हे सगळं ठरलेल्या वेळेला घडायचं. आताचा टीव्ही चित्र आधी स्वतःकडे घेतो, त्याच्यावर काम करतो, मग दाखवतो. तेवढ्या उशिरानं बंदुकीचा हिशेब चुकतो. जुना पिक्चर ट्यूबवाला टीव्ही कोणाकडे पडून असेल तर आणा, भाच्याला नक्की दाखवा. एका फ्रेममध्ये पडदा काळा करून उत्तर काढणं हे मला आजही अफाट वाटतं.

काँट्राचा तीस जीवांचा कोड आठवतो ना, ठरावीक क्रमानं बटणं दाबायचा? तो आधी ग्रेडियस या गेममध्ये आला, १९८६ मध्ये. काझुहिसा हाशिमोतो यांना स्वतःचाच गेम तपासताना इतका अवघड जायचा की त्यांनी स्वतःसाठी तो ठेवला आणि तो तसाच राहिला. खेळणाऱ्यांना मिळालेली ती भेटच.

@तन्मय: गोडोपासून सुरू कर. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, छोट्या लॅपटॉपवर चालतं आणि एमआयटी नावाच्या खुल्या परवान्यामुळे उद्या गेम विकलास तरी कोणाला काही द्यावं लागत नाही. युनिटीनं सप्टेंबर २०२३ मध्ये गेमच्या इन्स्टॉलेशनवर शुल्क लावायचं जाहीर केलं, जगभर आरडाओरडा झाला आणि वर्षभरानं ते मागे घेतलं. ज्या इंजिनवर तुझी कित्येक वर्षं उभी राहतील त्याचे नियम कोणाच्या हातात आहेत ते बघून निवड. नोकरीसाठी मात्र युनिटी आणि त्यात वापरायची सी शार्प ही भाषा पुढे शिकावी लागेल, आपल्याकडचं मोबाइलचं बहुतेक काम त्यातच चालतं.

गणित म्हणशील तर सदिश, त्रिकोणमिती आणि थोडं कॅलक्युलस. बारावीचं पुस्तक काढ. डॉट प्रॉडक्ट कशासाठी शिकवतात असं तेव्हा वाटायचं. शत्रूच्या नजरेच्या टप्प्यात खेळाडू आहे का, हे त्यावरूनच काढतात.

आणि पहिला गेम पाँग. १९७२ चा, दोन फळ्या आणि एक चेंडू. नुसता चेंडू हलला की काम झालं असं समजू नकोस. सुरुवातीचा पडदा, आवाज, पॉज, हरल्यावर पुन्हा खेळायची सोय, फोन आला तर गेम थांबणं, सगळं कर आणि पूर्ण कर. मोठ्या गेमची अर्धवट फोल्डरं माझ्या ओळखीतल्या प्रत्येक मुलाच्या लॅपटॉपवर आहेत. पूर्ण केलेलं पाँग फार थोड्यांकडे आहे. जानेवारीच्या सुमारास ग्लोबल गेम जॅम असतो, सहसा ४८ तासांत गेम बनवायचा. २००९ पासून चालू आहे. कॉलेजातल्या एखाद्या चित्रकाराला आणि वादकाला सोबत घे आणि बस. घरच्यांचंही चूक नाही. नोकरी कर, पण संध्याकाळ राखून ठेव.

---

रामबागकर

@अनघाताई: तुमच्यासाठी वेगळं लिहितोय, कारण या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुमचा आहे.

कोड वाचायची गरज नाही. मुलाच्या शेजारी बसून अर्धा तास तोच गेम बघा. नजर मुलावर ठेवू नका, गेमवर ठेवा. गेम त्याला थांबायची जागा देतो का? लेव्हल संपली, गोष्टीचा भाग संपला, मॅच संपली, असं काही आहे का? की संपता संपता लगेच बक्षीस उघडण्याची पेटी आणि पुढच्या पेटीची वाट? आत किती प्रकारची नाणी आहेत? खऱ्या पैशांनी हिरे, हिऱ्यांनी सोनं, सोन्यानं किल्ली, असं दोन-तीन पायऱ्यांचं चलन दिसलं तर ते रुपयांचा हिशेब विसरायला लावण्यासाठी आहे. ‘दोन तासांत संपणारी ऑफर’ असा घड्याळाचा काटा फिरताना दिसला तर तो अकरा वर्षांच्या मुलाला घाई करण्यासाठी आहे. आत काय निघेल ते माहीत नसताना पैसे देऊन उघडायच्या पेट्यांना लूट बॉक्स म्हणतात. बेल्जियमच्या नियामकानं २०१८ मध्ये त्यांना जुगार ठरवलं. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला. पैसे लावून पैसे जिंकायच्या गेमांवर त्यानं बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्स व साधे गेम वेगळे काढले. ते चांगलं झालं, पण तुमच्या मुलाच्या फोनमधली पेटी त्यानं आपोआप बंद होणार नाही.

भांडणाबद्दल एक व्यवहारातली गोष्ट. तास भरला म्हणून मॅचच्या मध्ये फोन काढून घेऊ नका. टीममधून मध्येच निघालं की इतर मुलं बोल लावतात, काही गेम त्याची शिक्षाही देतात. तासाऐवजी मॅच मोजा: दोन मॅच, मग बंद. हे बऱ्याच घरांत चालतं.

आणि खरंच काळजी करण्यासारखं कधी? जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, जागा दिली आहे. त्याची लक्षणं अशी: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या वर खेळ जाणं, नुकसान होतंय हे दिसूनही चालूच ठेवणं, आणि हे साधारण वर्षभर टिकणं. रोजची कटकट म्हणजे विकार नव्हे. पण झोप, शाळा, मित्र सगळंच सुटत चाललं असेल तर वर्ष मोजत बसू नका, डॉक्टरांना भेटा.

---

नंदन_बडोदेकर

बडोद्याहून लिहितोय. मी संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे रामबागकरांच्या मांडणीला थोडा विरोध करणार. तुम्ही ज्याला खेळणाऱ्याच्या बाजूचं काम म्हणता तीही फसवणूकच आहे ना? शर्यतीच्या गेममध्ये मी मागे पडलो की पुढच्या गाड्या हळू होतात आणि मी पुढे गेलो की मागच्यांना वेग येतो. मग माझं जिंकणं म्हणजे नक्की काय? डावपेचांच्या गेममध्ये ८० टक्के नेम लिहिलेला असतो आणि आतून तो वाढवलेला असतो, असं वाचलंय. मुलांची संभाव्यतेची समजच यानं वाकडी होते. वर्गात मला ती सरळ करावी लागते. भलं करण्यासाठी सांगितलेलं खोटं हेही खोटंच.

---

वसुधाकाकू

मी सत्तरीच्या पुढची. सुदामानगरला राहते. रोज दुपारी टॅबवर पत्ते आणि ते गोळ्या जुळवायचे. तुमचं सगळं समजलं नाही पण आवडलं. सानंदच्या नाटकात दिवा नेमका नटाच्या तोंडावर येतो तेव्हा आपण नटाकडेच बघतो, दिवेवाल्याकडे नाही, तसं तुमचं काम दिसतंय.

माझी तक्रार साधी आहे. अक्षरं इतकी बारीक का करता? आणि लाल-हिरवं आमच्या ह्यांना वेगळं दिसत नाही, ते दोन मिनिटांत गेम ठेवून देतात. पाच जीव संपले की मी टॅब बंद करून चहा ठेवते, पैसे दिले नाहीत कधी. आणि मराठीत गेम का नाहीत? मुलांच्या गोष्टी, नाटकं, सगळं मराठीत मिळतं.

---

रामबागकर

@वसुधाकाकू: तुम्ही दोन्ही मुद्दे अगदी योग्य मांडलेत. आमच्या गेममध्ये अक्षरं मोठी करायची सोय आहे, आणि काकांसाठी रंगांबरोबर आकारही वेगळे ठेवतो: लाल ते चौकोनी, हिरवं ते गोल. पुरुषांमध्ये साधारण बारात एकाला लाल-हिरव्याचा घोळ असतो असं धरतात, म्हणजे ही काही थोड्याथोडक्या लोकांची अडचण नाही.

मराठीबद्दल जरा विस्तारानं सांगतो, कारण याचं एक कारण निव्वळ तांत्रिक आहे आणि ते बाहेर कोणाला माहीत नसतं. इंग्रजी अक्षरं एकापुढे एक ठेवली की झालं. देवनागरीचं तसं नाही. ‘विठ्ठल’ साठवताना संगणक आधी व ठेवतो, मग वेलांटी. दाखवताना मात्र वेलांटी व च्या आधी यायला हवी. ठ ला ठ जोडायचा, ‘सूर्य’मधला रफार उचलून य च्या डोक्यावर न्यायचा, ही सगळी मांडणी करणारा एक वेगळा भाग लागतो. ब्राउझरमध्ये, फोनच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तो असतो, म्हणून आपण इथे लिहू शकतोय. युनिटीत वर्षानुवर्षं ज्या टेक्स्टमेशप्रोनं अक्षरं काढली जातात त्यात तो नव्हता. वेलांटी व च्या नंतर लटकते, जोडाक्षरं फुटतात, हलन्त उघडे पडतात. मग लोक काय करतात? शब्दांची चित्रं करून चिकटवतात. एक वाक्य बदलायचं तर पुन्हा चित्र. अक्षरं मोठी करायची तर पुन्हा चित्र. कंटाळून मराठी सोडून देतात.

गोडोच्या चौथ्या आवृत्तीत, मार्च २०२३ मध्ये, हे काम नीट आलं. आम्ही तेवढ्यासाठीच गोडो घेतलं. पहिल्यांदा पडद्यावर ‘श्री’ आणि ‘ज्ञ’ न फुटता आले तेव्हा आम्ही तिघंही खुर्चीतून उठलो होतो. फाँटही आता उत्तम आहेत. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बालू खुल्या परवान्याचे आहेत, गेममध्ये वापरता येतात. म्हणजे आता अडचण यंत्राची कमी आणि इच्छेची जास्त राहिली आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याची मुलं घरात मराठी बोलतात, शाळेत हिंदी-गुजराती-इंग्रजी, आणि त्यांच्या खेळात मराठी कुठेच नाही. मला ते फार लागतं. आमच्या गेममध्ये मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्ही आहेत, आणि मराठी आधी लिहिली जाते.

जाता जाता: पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये आला. दुर्गेनं शस्त्र दिलेली मुलगी भावाला शोधायला निघते. आपल्या मातीतली गोष्ट कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावर, जाऊ शकते हे त्यानं दाखवलं, आणि तेही २०१७ ला किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर पैसे उभे न राहिल्यानंतर.

@नंदनसर: विरोध मान्य, आणि अर्धा पटतो. माझी कसोटी अशी की ती गोष्ट खेळणाऱ्याला समोर बसवून सांगता येईल का? कोयोटी टाइम सांगितला तर लोक हसतात, खूश होतात, पुन्हा जाऊन उडी मारून बघतात. ‘तिसाव्या लेव्हलला तुला मुद्दाम हरवलं’ हे सांगता येत नाही, ते करारात गुप्त ठेवायला सांगतात. अ‍ॅसासिन्स क्रीडमध्ये शेवटचा थोडा जीव दिसतो त्यापेक्षा जास्त टिकतो, हे एका गेम डिझायनरनं २०१७ मध्ये ट्विटरवर सांगितलं. बऱ्याच जणांना गंमतच वाटली. थोडक्यात वाचल्याचा थरार हवाच होता.

आकड्यांबद्दल मात्र मी तुमच्या बाजूचा आहे. सिव्हिलायझेशन हा डावपेचांचा गेम करणाऱ्या सिड मायर यांनी २०१० च्या एका भाषणात सांगितलं होतं की तीनास एक असं बळ असताना हरलं की लोकांना फसवल्यासारखं वाटायचं, म्हणून त्यांनी आतलं गणित लोकांच्या कलानं वळवलं. मी तसं करणार नाही. पडद्यावर ८० लिहिलं तर आत ८० च हवं. सवलत द्यायची तर न लिहिलेल्या जागी द्यावी.

---

नंदन_बडोदेकर

कसोटी आवडली. पण शर्यतीच्या गाड्यांचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत.

---

रामबागकर

खरंय, दिलं नाही. घरी चार भावंडं एका सोफ्यावर खेळतात आणि सगळ्यात लहानी शेवटपर्यंत शर्यतीत राहते, तिथे मला ते हवं वाटतं. एकट्यानं वेळ मोजून खेळताना नको. एकाच गेममध्ये दोन्ही प्रसंग येतात, म्हणून तो पर्याय उघड ठेवावा आणि चालू-बंद करता यावा. सेलेस्टमध्ये असिस्ट मोड असाच उघड आहे: वेग कमी करा, मरण बंद करा, तुमची मर्जी. तुम्हाला पटेल का?

---

नंदन_बडोदेकर

उघड असेल तर माझी हरकत नाही. मग ती सवलत राहते, फसवणूक नाही. लपवलेल्याला मात्र मी अजूनही हरकत घेईन, कोयोटी टाइमलासुद्धा. एखाद्या कोपऱ्यात, सेटिंगमध्ये का होईना, लिहून ठेवा.

---

रामबागकर

हे मी घेतो. ‘हा गेम तुम्हाला कुठे मदत करतो’ असं एक पान आमच्या गेममध्ये टाकतो, तिन्ही भाषांत. असं पान मी आजवर कुठे पाहिलेलं नाही, पण व्हायला हवं.

---

तन्मय_०७

दादा, पैशाचं काय? इंदुरात राहून यावर घर चालतं का?

---

रामबागकर

बाहेरच्या कामावर चालतं, स्वतःच्या गेमवर अजून नाही. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या दुकानात एक गेम टाकायला १०० डॉलर भरावे लागतात, विक्री १००० डॉलरच्या पुढे गेली की ते परत मिळतात, आणि प्रत्येक विक्रीतले साधारण ३० टक्के स्टीमचे. गूगल प्लेचं खातं २५ डॉलरला, एकदाच. म्हणजे दार स्वस्त आहे, पण आत गर्दी प्रचंड आहे. एकट्या माणसानं केलेल्या स्टारड्यू व्हॅलीचं उदाहरण सगळे देतात. एरिक बॅरोननं चारपेक्षा जास्त वर्षं एकट्यानं बसून तो केला, २०१६ ला आला आणि कोट्यवधी प्रती गेल्या. पण त्या वर्षांत घर चालवायला सोबतीण कमावत होती, हे सांगायचं लोक विसरतात. तुझ्यामागे कोण उभं आहे ते आधी बघ आणि त्यांच्याशी मोकळेपणी बोल. इथे एक फायदा मात्र आहे: भाडं पुण्या-बंगळुरूपेक्षा कमी, त्यामुळे त्याच पैशात जास्त महिने टिकता येतं.

---

अनघा_लोकमान्यनगर

काल मुलाच्या शेजारी बसून बघितलं. तीन प्रकारची नाणी आणि दोन घड्याळं निघाली. मी काही बोलले नाही, त्यालाच विचारलं की हे कशासाठी असतं. तो म्हणाला, ‘आई, ते पैसे मागायला असतं, आम्ही सगळे बंद करतो ते पटपट.’ मुलांना बरंच कळतं. आज दोन मॅचवर ठरलंय. तुमच्या गेमची तपासणी करायला मुलं लागतात का? हा फार मागे लागलाय.

---

रामबागकर

लागतात, आणि मोठी माणसंही. गूगल प्लेवर नवं वैयक्तिक खातं असलं की गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस तपासणीत राहावं लागतं. इंदूरकरांनी मला निरोप पाठवा, दुवा देतो. शिवाय एका रविवारी आमच्याकडे रामबागेत बसू. मुलासोबत तुम्हीही या, ताई. काकू, तुम्ही आणि काका दोघंही हवेत, अक्षरं आणि रंग तुमच्यासमोरच ठरवू. लष्करवाले, इंदूरला येणं झालं तर बंदूक घेऊन या, पिक्चर ट्यूबचा टीव्ही जेलरोडला जुन्या सामानात मिळतो का ते बघतो.

दोन विनंत्या. फोन जुना, हळू चालणारा असेल तर तोच आणा. नव्या फोनवर सगळंच चांगलं चालतं. आणि तुम्ही खेळत असताना मी मागे वही घेऊन बसेन, काही सांगणार नाही. अडलात तर मला विचारू नका, अडलेले राहा. कुठे अडलात तेच मला लिहून घ्यायचंय.

---

वसुधाकाकू

येतो आम्ही दोघं. पोहे मी करून आणते, तुम्ही सकाळची वेळ ठेवा. दुपारी ह्यांना झोप लागते.